हिरव्या दिव्याची साक्ष

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे पाच शब्द आपल्यापैकी प्रत्येकाने कोठे ना कोठे ऐकले असतील. सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलेल्या शेतकऱ्याने ऐकले असतील, रेशनच्या दुकानात अंगठा लावायला उभ्या राहिलेल्या आजीबाईंनी ऐकले असतील, आणि विद्यार्थ्यांची माहिती भरता भरता ज्यांची रात्र होते, त्या शिक्षकबंधूंनी तर कितीदा ऐकले असतील याला गणतीच नाही. शब्द पाचच, पण ते ऐकून माणूस माघारी वळतो तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे त्या पाच शब्दांत बुडालेले असते.

आता मी आपल्याला एक प्रश्न विचारतो. तो सर्व्हर आजारी पडला आहे, हे पहिल्यांदा कोणाला कळते? त्याची देखभाल करणाऱ्याला, की रांगेत उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला? खरे म्हणजे देखभाल करणाऱ्याला आधी कळायला हवे. त्यासाठीच एक साधन असते. यंत्राची प्रकृती दाखवणारा फलक, असे आपण त्याला म्हणू. असा फलक कसा तयार करावा, आणि विशेषतः कसा करू नये, याविषयी आज मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी तर्कशास्त्राचा अध्यापक. यंत्रांशी माझा संबंध अपघातानेच आला. परंतु त्या अपघाताने मला जे शिकवले, ते पुस्तकात वाचून कळले नव्हते.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय, ते पाहू. सर्व्हर हा शेवटी एक संगणकच. फरक एवढाच की तो एका माणसासाठी नसून, मागेल त्या सर्वांसाठी काम करतो. ज्या यंत्रावर अशी कामे वस्तीला असतात, त्याला 'होस्ट' म्हणजे यजमान म्हणतात. हे नाव मला फार समर्पक वाटते. लग्नघरचा यजमान डोळ्यांपुढे आणा. पंगती बसल्या आहेत. आत आचारी आहेत, सामान मांडायला ओटा आहे, शिधा ठेवलेले कोठीघर आहे, आणि पानापर्यंत पदार्थ नेणारे वाढपी आहेत. यंत्राचेही तसेच. हिशेब करणारा प्रोसेसर हा आचारी. हाताशी लागणारी माहिती ज्यात मांडून ठेवायची ती मेमरी म्हणजे ओटा. कायमचा साठा ज्यात असतो ती डिस्क म्हणजे कोठीघर. आणि माहिती आपल्या मोबाइलपर्यंत पोचवणारे जाळे म्हणजे वाढपी. या चारांपैकी एक जरी अडला, तरी पंगत थांबते. पाहुण्याला मात्र एवढेच दिसते, की आपले पान रिकामे आहे!

तर या चौघांची खबर एकाच जागी दिसावी, म्हणून फलक तयार करतात. तो वेबच्या पानावर दाखवला, तर आणखी एक सोय होते. तो पाहायला यंत्राच्या खोलीत जावे लागत नाही, की वेगळी सामग्री लागत नाही. मोबाइलवर जो ब्राउझर असतो, तो पुरे.

या कल्पनेचा एक मोठा गमतीचा पूर्वज आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते. ते ज्या खोलीच्या दाराशी होते, तिचे नाव ट्रोजन रूम. दुसऱ्या मजल्यावरचे संशोधक जिने चढून उतरून येत, आणि पाहतात तो भांडे रिकामे! शेवटी 1991 साली त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचे चित्र आपापल्या संगणकावर दिसण्याची व्यवस्था केली. 1993 साली ते चित्र वेबवर आले, आणि जगभरचे लोक ते भांडे पाहू लागले. 2001 सालच्या ऑगस्टमध्ये तो कॅमेरा बंद झाला. हसू येते खरे; पण त्यातली एक गोष्ट मनात ठेवा. त्या लोकांनी विजेची तार तापली आहे का, हे पाहिले नाही. शेगडी चालू आहे का, हेही पाहिले नाही. कॉफी आहे की नाही, एवढेच पाहिले! जे पाहिजे होते तेच पाहिले. आम्हाला नेमके हेच सुचले नाही.

आता माझी हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाने मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज मोबाइलवरून घ्यायचे ठरवले. हेतू चांगला होता. गावच्या मुलीला केवळ एक कागद देण्यासाठी तालुक्याला यावे लागू नये. अर्ज घेणारे यंत्र महाविद्यालयातच होते. त्याच्या देखरेखीसाठी दोघांची समिती नेमली: एक आमच्या संगणक विभागातील तरुण सहकारी आणि दुसरा मी. कुठल्याही समितीत एक तर्कशास्त्रवाला असावा, असे प्राचार्यांना वाटत असावे.

आम्ही उत्साहाने फलक तयार केला. काय नव्हते त्यावर! प्रोसेसरची गती, पंख्याचे फेरे, यंत्राची उष्णता, मेमरी, डिस्क, जाळे. चाळीस तरी आकडे होते, आणि गोल तबकड्यांवर हलणारे काटे होते. सर्वांत वर एक मोठा दिवा होता. यंत्राला हाक मारली आणि त्याने 'ओ' दिली, की दिवा हिरवा. नाही दिली, तर लाल. पाहुणे आले की आम्ही त्यांना तो फलक कौतुकाने दाखवत असू.

अर्जांचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी अकराच्या सुमारास कचेरीतला फोन वाजला. मी जवळ होतो, मीच घेतला. एका गावाहून एका मुलीचे वडील बोलत होते. म्हणाले, "सर, पोरगी सकाळधरनं बसलीय, पण अर्ज काही जात न्हाई." मी फलकाकडे पाहिले. दिवा हिरवागार. साठा एक्केचाळीस टक्के भरलेला, म्हणजे अर्ध्याहून अधिक मोकळा. मी त्यांना सांगितले, "आमच्याकडे सगळे ठीक आहे. तुमच्या बाजूला रेंज नसेल." ते म्हणाले, "असंल, असंल," आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारी तीन वाजता वसतिगृहाचे कारकून माझ्याकडे आले. त्यांना यंत्रातले काही कळत नव्हते, आणि त्यांनी फलकाकडे कधी पाहिलेही नव्हते. ते म्हणाले, "सर, आज शेवटचा दिवस आणि सकाळपासून एकही अर्ज नाही. हे काही खरं दिसत नाही हो."

खरेच नव्हते. आम्ही यंत्र उघडून पाहिले. डिस्कचे दोन भाग होते. एक 900 जीबीचा. त्यात 360 जीबी भरलेले होते. दुसरा अवघा 20 जीबीचा. त्यात नव्याने येणारे अर्ज आणि यंत्राची रोजची नोंदवही राहत असे. तो लहान भाग काठोकाठ भरला होता. आमचा फलक दोन्ही भागांची बेरीज करून दाखवत होता: 920 पैकी 380, म्हणजे एक्केचाळीस टक्के. गणित अगदी बरोबर! एका विहिरीत तुडुंब पाणी आहे आणि दुसरी कोरडी पडली आहे, तेव्हा सरासरीने दोन्ही शेते भिजत नाहीत, हे कोणताही शेतकरी सांगेल. आम्हा दोघा शिकलेल्यांना ते सुचले नाही.

तो भाग भरला कशाने? काही दिवसांपूर्वी एक बारीक दोष शोधण्यासाठी आम्ही नोंदवहीत अतिशय तपशीलवार नोंदी लिहायला यंत्राला सांगितले होते. काम झाल्यावर सहकाऱ्याने विचारले, "आता बंद करू का?" मी म्हणालो, "राहू दे आणखी चार दिवस." त्या नोंदींनीच कोठी भरली.

दहा मिनिटांत आम्ही जागा मोकळी केली. प्राचार्यांनी मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाढवली. पण हे कळवायचे कोणाला? कोण कोण येऊन परत गेले, हे नोंदवहीत पाहावे, तर नोंदवहीतच लिहायला जागा उरली नव्हती! ज्या घटकेपासून अर्ज बुडू लागले, त्याच घटकेपासून बुडालेल्यांचा हिशेबही बुडाला होता. आम्ही पानावर सूचना लावली, फाटकावर लावली. ज्यांनी पुन्हा पाहिले, त्यांचे अर्ज आले.

चौथ्या दिवशी ते फोनवाले गृहस्थ मुलीला घेऊन आले. यादी लागली होती, खोल्या वाटून झाल्या होत्या. त्या मुलीचे गुण यादीतल्या शेवटच्या मुलीपेक्षा अधिक होते. मी त्यांना विचारले, "दुसऱ्या दिवशी पुन्हा का पाहिले नाहीत?" ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "सर, तुमीच म्हणालात न्हवं, आमच्याकडंच रेंज न्हाई." ती मुलगी ते वर्ष रोज दोन गाड्या बदलून शिकायला येत असे. सकाळच्या तासाला ती उशिरा दारात उभी राहिली, की मला माझ्या हिरव्या दिव्याची आठवण होई.

श्रोतेहो, या प्रसंगात यंत्र जितके चुकले, त्याहून अधिक आमचे अनुमान चुकले. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे एक जुने उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. हे केव्हा खरे? जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा संबंध पक्का असेल तेव्हा. पहाटेचे धुके पाहून कोणी 'अग्नी आहे' म्हणू लागला, तर तो फसला. फलकावरचा प्रत्येक दिवा म्हणजे असे एक अनुमानच असते. 'यंत्र ओ देते, म्हणून अर्ज जातात' असे आमचा दिवा म्हणत होता. पण यंत्र ओ देत असताना अर्ज बुडू शकतात, हे आम्ही तपासलेच नव्हते. आम्ही धुक्याला धूर समजलो होतो.

आणि अशी चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो. 1979 सालच्या मार्चची 28 तारीख. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माईल आयलंड येथे अणुवीजकेंद्र होते. पहाटे त्यातला दाब कमी करणारी एक झडप उघडली, आणि नंतर बंद व्हायला हवी होती ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रणकक्षात त्या झडपेचा एक दिवा होता. तो विझला. तेव्हा तेथल्या लोकांनी जाणले, की झडप बंद झाली. परंतु तो दिवा झडपेची खरी स्थिती सांगतच नव्हता. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. हुकूम गेला होता. झडप मिटली नव्हती. दोन तासांहून अधिक वेळ गरम पाणी बाहेर जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा बऱ्याच अंशी वितळला. त्यातच पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू लागल्या होत्या. सगळेच ओरडू लागले, की कोणाचेच ऐकू येत नाही.

मग चांगला फलक कसा असावा? आम्ही आमचा पहिला फलक मोडला आणि दुसरा बांधला. तो बांधताना जे नियम पाळले, ते आता सांगतो.

पहिला नियम: पाहुण्याच्या पानापासून सुरुवात करावी, चुलीपासून नव्हे. आता आमचे एक छोटेसे कार्य बाहेरच्या संगणकावरून दर पाच मिनिटांनी एक खोटा अर्ज भरते, तो नोंदला गेला की नाही ते पाहते, आणि पुसून टाकते. आमच्या कारकुनांनी या खोट्या अर्जदाराचे नाव 'गणपत' ठेवले आहे. फलकाच्या माथ्यावर आता चाळीस काटे नाहीत. एकच ओळ आहे: "गणपतचा अर्ज गेला, दहा वाजून बेचाळीस मिनिटे." हे वाक्य शिपायालाही कळते आणि प्राचार्यांनाही कळते.

त्याखाली चार चिन्हे आहेत. गूगलच्या अभियंत्यांनी 2016 साली आपल्या कामाच्या पद्धतीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी हीच चार चिन्हे मुख्य मानली आहेत: विलंब, वर्दळ, चुका आणि ताण. उत्तर द्यायला किती वेळ लागतो, तो विलंब. किती माणसे येत आहेत, ती वर्दळ. किती जणांचे काम फसले, त्या चुका. आणि यंत्राची ताकद किती भरत आली आहे, तो ताण. आमच्या कारकुनांना त्या दिवशी जे खटकले ती वर्दळ होती, बरे का! शेवटच्या दिवशी एकही अर्ज नाही, हे चिन्ह त्यांनी फलकाशिवाय ओळखले. ज्याला कामाची रोजची चाल माहीत असते, त्याला तिच्यातला खंड लगेच जाणवतो.

दुसरा नियम: सरासरीवर विसंबू नये. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. शंभर माणसे यंत्राकडे आली. नव्याण्णव जणांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळाले, आणि एकाला तीस सेकंद ताटकळावे लागले. सरासरी किती? सुमारे आठ दशांश सेकंद. आकडा किती छान! पण त्या एका माणसाने कंटाळून मोबाइल खाली ठेवला, हे त्या आकड्यात कोठे आहे? म्हणून फलकावर सरासरीबरोबर सर्वांत मागे राहिलेल्यांचा वेळही दाखवावा, आणि डिस्कचा प्रत्येक भाग वेगळा दाखवावा.

तिसरा नियम: आता किती आहे, याबरोबर कोणीकडे चालले आहे तेही दाखवावे. 100 जीबीची कोठी 80 जीबी भरली आहे, एवढे सांगून भागत नाही. ती रोज 2 जीबीने भरत असेल, तर दहा दिवस हातात आहेत. रोज 10 जीबीने भरत असेल, तर परवा रात्रीच खेळ आटोपला. टाकीत पाणी किती, यापेक्षा ते किती दिवस पुरेल हे घरच्या बाईला महत्त्वाचे असते. तोच प्रश्न येथे विचारावा. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी यंत्रे आपल्या कामाच्या रांगेचे तीन आकडे देतात: गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा. आठ, तीन, एक असे आकडे दिसले, तर गर्दी आत्ताच उसळली आहे. एक, तीन, आठ असे दिसले, तर ती ओसरते आहे. आकडे तेच; क्रम बदलला की अर्थ बदलला. याच यंत्रांत मेमरी जवळजवळ भरलेली दिसली, तरी घाबरून जाऊ नये. रिकामा ओटा ठेवण्यापेक्षा पुढे लागणारे सामान त्यावर मांडून ठेवण्याची त्यांची रीत आहे. गरज पडली की ते बाजूला सारतात. म्हणून 'मोकळी किती' असे न विचारता 'मिळू शकेल किती' असे विचारावे. 2014 सालापासून लिनक्स हा आकडा स्वतःच देते.

कल पाहायचा तर मागच्या नोंदी हव्यात. पण नोंदी साठवता साठवता कोठी भरते, हे आम्ही भोगलेच होते! त्यावर एक सुंदर तोड आहे. टोबियास ओएटिकर या अभियंत्याने 1999 साली नोंदी साठवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती आपल्या रहाटगाडग्यासारखी आहे. रहाटाला गाडगी ठरलेली. तीच भरतात, तीच रिती होतात, रहाट काही वाढत नाही. तशी त्या नोंदवहीची पाने ठरलेली असतात. आजची नोंद दर पाच मिनिटांची, गेल्या महिन्याची तासाची, गेल्या वर्षाची दिवसाची, अशी जुनी माहिती आटवून ठेवतात. वही कधीही फुगत नाही.

चौथा नियम: मौनाला हिरवा रंग देऊ नये. शेतातल्या माळ्यावरचा राखणदार अधूनमधून हाळी देतो. हाळी थांबली, तर पाखरे आली नाहीत असे आपण समजत नाही. राखणदाराला झोप लागली, असे समजतो. फलकावरही प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हा मोजला ती वेळ लिहावी. वेळ जुनी झाली, की तो चौकोन करडा करावा आणि 'खबर नाही' असे लिहावे. शिळा हिरवा दिवा हा लाल दिव्यापेक्षा घातक. शिवाय पुष्कळांना लाल आणि हिरवा हा भेद डोळ्यांनी करता येत नाही. म्हणून रंगाबरोबर शब्दही असावा. आणि लाल रंग जपून वापरावा. जो पाहून कोणी उठून काही करणार नाही, तो लाल दिवा काढून टाकावा. नाहीतर लांडगा आला रे आला, अशी गत होते.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा: पाहणारा आणि पाहिला जाणारा एका घरात नसावेत. ॲमेझॉन कंपनी जगभरच्या वेबपानांना साठ्याची जागा भाड्याने देते. 2017 सालच्या फेब्रुवारीच्या 28 तारखेला त्यांच्या एका माणसाने हुकूम देताना चूक केली, आणि अमेरिकेतल्या एका विभागातला साठा बंद पडला. या कंपनीचा एक फलक होता, ग्राहकांना सेवांची स्थिती दाखवणारा. पण तो फलक बदलण्याची व्यवस्था त्याच साठ्यावर विसंबून होती! साठा गेला, तेव्हा 'साठा गेला' हे फलकावर लिहिताच येईना. सुमारे दोन तास तो प्रत्येक सेवेची स्थिती बदलू शकत नव्हता. पुढे 2021 साली ऑक्टोबरच्या 4 तारखेला फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, हे आपल्यालाही आठवत असेल. तेव्हा दोष शोधण्याची त्यांची अंतर्गत साधनेसुद्धा त्याच जाळ्याबरोबर बंद पडली, आणि यंत्रे दुरुस्त करायला माणसांना प्रत्यक्ष यंत्रगृहात जावे लागले. एवढ्या मोठ्यांची ही गत, तेथे आमची काय कथा! आमचा पहिला फलक त्याच यंत्रावर राहत होता. आता तो दुसऱ्या इमारतीतल्या एका लहान, जुन्या संगणकावर राहतो.

आणखी एक सावधगिरी. फलक पाहण्यासाठी असावा. यंत्र बंदचालू करण्याची बटणे त्यावर मांडू नयेत. तो साऱ्या जगाला उघडाही ठेवू नये. घरात कोठे काय आहे, हे चोराला भिंतीवर लिहून दाखवण्यासारखे ते होईल. आणि मोजमाप बेताने घ्यावे. दर क्षणाला नाडी धरून बसलेला वैद्य रोग्याला झोपू देत नाही.

शिक्षकमित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत एखादा जुना संगणक कपाटावर धूळ खात असेल. असा फलक बांधण्याची सामग्री विनामूल्य मिळते. प्रॉमिथियस आणि ग्राफाना ही त्यातली दोन नावे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. वरच्या वर्गातली मुले आपल्या शाळेच्या यंत्राचा लहानसा फलक हौसेने करतील. पण त्याच्याआधी त्यांना एक कागदी फलक करायला सांगा. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा, किंवा वाचनालयाचा. एकच अट घाला: "यावरचा प्रत्येक आकडा पाहून कोण काय करणार आहे, ते शेजारी लिहा." ज्या आकड्याशेजारी काही लिहिता येणार नाही, तो मुलांनी स्वतःच्या हाताने खोडावा. पुढे यंत्रावर काम करताना हा पाठ त्यांना जन्मभर पुरेल.

आणि गावकरी बंधुभगिनींनो, तुम्हाला फलक बांधायचा नाही हे खरे. पण यापुढे कोणी "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असे म्हणाले, तर मुकाट्याने परतू नका. नम्रपणे तीन प्रश्न विचारा. केव्हापासून बंद आहे? वर कोणाला कळवले आहे? आणि आज शेवटची तारीख असेल, तर मी आज येथे येऊन गेलो याची नोंद कोठे होईल? हा तिसरा प्रश्न विसरू नका. आमच्या यंत्रापाशी अशी नोंद राहिली असती, तर एका मुलीचे वर्षभराचे हेलपाटे वाचले असते.

त्या दिवशी फोनवर मला एक जिवंत माणूस सांगत होता, की अर्ज जात नाही. तो प्रत्यक्ष अनुभव होता. माझ्यासमोर एक दिवा होता. ते केवळ अनुमान होते. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात मी मुलांना शिकवतो, की प्रत्यक्षाशी विरोध आला तर अनुमान पुन्हा तपासावे. ते मी शिकवत होतो, पण त्या सकाळी मी दिव्याची साक्ष मानली आणि माणसाची मानली नाही. आमच्या नव्या फलकाच्या तळाशी आता एक रिकामा चौकोन आहे. त्यावर लिहिले आहे: "आज कोणी तक्रार केली का?" तो चौकोन यंत्र भरत नाही, आमचे कारकून भरतात. आणि बाकी सारे हिरवे असताना त्या चौकोनात एक ओळ जरी दिसली, तरी आम्ही प्रथम ती ओळ खरी मानतो, आणि मग यंत्र तपासायला उठतो.